रावसाहेबांचं पार्सल

आधी चहा ओतून घ्या सगळ्यांनी, कारण हा किस्सा मी एका दमात सांगणार आहे आणि मध्येच कुणी हसलं की माझी गाडी घसरते. माणसानं आयुष्यात एक तरी मोठा गाढवपणा करावा आणि मोकळं व्हावं. माझा करून झालाय. बायकोचं म्हणणं, हा फक्त सगळ्यात लांबचा होता, पार सिंधुदुर्गापर्यंतचा.

कळंबोलीला लोखंड बाजाराच्या मागच्या गल्लीत माझं ट्रान्सपोर्टचं बुकिंग ऑफिस आहे, हे तुम्हाला माहीत आहे. एक टेबल, एक वजनकाटा, दोन खुर्च्या आणि भिंतीवर मीच रंगवून घेतलेली पाटी: ‘काहीही पाठवा, कुठेही पाठवा’. वीस वर्षांत मी काय नाही पाठवलं सांगा? लोखंडी जिने पाठवले, अख्खी पिठाची गिरणी पाठवली, एका कॉलेजला हाडांचा सापळा पाठवला, तोही सगळ्या दातांसकट. एक पार्सल हरवलं नाही की फुटलं नाही. हे मी दिवसातून दोनदा कुणाला तरी ऐकवतो. समोरच्यानं विचारलेलं नसतं.

तर डिसेंबरातली गोष्ट. एक वयस्कर बाई रिक्षातून उतरल्या आणि दाराची चौकट चाचपत आत आल्या. खारघरच्या लिमये मॅडम. शाळेत भूगोल शिकवायच्या, आता निवृत्त.

“ती पाटी मला रिक्षावाल्यानं वाचून दाखवली,” त्या म्हणाल्या. “खरी आहे का?”

“शंभर टक्के.”

“मग एक इग्वाना पाठवायचाय. जिवंत.”

आता तुमच्यापासून काय लपवायचं, इग्वाना म्हणजे मला आधी एखादं मशीनच वाटलं. जिवंत म्हटल्यावर मी सावरून बसलो. मॅडमनी समजावून सांगितलं. इग्वाना म्हणजे परदेशी सरडा. पण आपल्या कुंपणावरचा नव्हे. घोरपडीएवढा, हिरवागार, पाठीवर करवतीसारखे काटे, गळ्याखाली लोंबती पिशवी, आणि शेपटी धरून चांगला चार फूट.

मॅडमच्या मुलानं तो कॉलेजात असताना आणला होता. रीतसर, सरकारी नोंद वगैरे करून. मग मुलगा गेला कॅनडाला आणि सरडा राहिला आईकडे. सहा वर्षं मॅडमनी त्याला पाला चिरून घातला, गॅलरीत उन्हाला बसवलं. नाव ठेवलं रावसाहेब, कारण दिवसभर पेन्शनरासारखा उन्हात बसतो आणि येणाऱ्याजाणाऱ्याकडे तुच्छतेनं बघतो.

“पण आता मला दिसेनासं झालंय,” मॅडम म्हणाल्या. “गेल्या आठवड्यात त्याच्या शेपटीवर माझा पाय पडला. तो ओरडूही शकत नाही हो. नुसता बसून राहिला. त्या दिवशी मी ठरवलं.”

सिंधुदुर्गात पार डोंगराच्या पायथ्याला वरची गोठणवाडी म्हणून गाव आहे. तिथे जनावरांचे एक निवृत्त डॉक्टर राहतात. शहरातल्या लोकांनी हौसेनं आणलेले आणि मग नकोसे झालेले परदेशी प्राणी सांभाळतात. मॅडमचं त्यांच्याशी बोलणं झालं होतं, कागदपत्रं तयार होती, तब्येतीचा दाखलाही होता. प्रश्न एवढाच, की रावसाहेबांना तिथवर न्यायचं कुणी? चार जणांनी फोनवरच नाही म्हटलं होतं.

“मॅडम, मी स्वतः घेऊन जातो,” मी म्हणालो. “हा माझा शब्द.”

त्या उठल्या, पुन्हा चौकट चाचपली. मग म्हणाल्या, “फोटो पाठवू नका, मला दिसणार नाही. फोन करा. आणि खरं सांगा. वाटेत मेला, तरी खरं सांगा.”

आता यावर कुणाला झोप लागेल का? मी पेटून उठलो. चार दिवस मी दुसरं काही केलं नाही. डॉक्टरांना इतके फोन केले, की शेवटी ते ‘हॅलो’च्या ऐवजी ‘आता काय?’ म्हणायला लागले. सगळं वहीत उतरवून घेतलं. सरड्याचं रक्त थंड, बाहेर गारठा तर आतही गारठा. पंचवीस डिग्रीच्या खाली गेला की सुस्त पडतो, आणखी खाली गेला तर संपलाच. आदल्या दिवशी खायला द्यायचं नाही. अंधारात ठेवायचा, म्हणजे शांत राहतो. धक्के नकोत, आवाज नको, धूर नको.

मी सुताराकडून लाकडी खोकं करून घेतलं. आतून थर्माकोल, वर हवेला भोकं, तळाला जुनी गोधडी, बाजूंना टॉवेलात गुंडाळलेल्या गरम पाण्याच्या पिशव्या, आणि आतलं तापमान बघायला बाहेर लोंबणारं छोटं यंत्र. मी स्वतः आत डोकं घालून, वर झाकण ओढून पाच मिनिटं श्वास घेऊन बघितला. शेजारच्या पानवाल्यानं माझ्या बायकोला फोन केला, तो भाग वेगळा.

सगळं झालं आणि गाडं अडलं बाबलपाशी.

बाबल म्हणजे माझा टेम्पोवाला. मूळचा सिंधुदुर्गाचाच, दर आठवड्याला तिकडे पत्रे आणि सळया घेऊन जाणारा. गोठणवाडीचा शेवटचा कच्चा रस्ता चढवू शकणारा माझ्या माहितीतला एकमेव माणूस. देवभोळा, सज्जन, निर्व्यसनी. फक्त एक गोष्ट. बाबल पालीला घाबरतो. म्हणजे किती? एकदा त्याच्या गाडीत काचेच्या आतल्या बाजूनं एक बोटभर पाल चालत आली. बाबलनं कळंबोली सर्कलच्या मधोमध टेम्पो सोडला आणि चालत घरी गेला. टेम्पो मी आणला.

त्याला चार फुटी सरड्याबरोबर एका गाडीत बसवायचं?

आता तुम्ही म्हणाल, स्वतःची कार काढायची. एक तर ती कच्च्या रस्त्यावर चढली नसती. आणि दुसरं म्हणजे, वीस वर्षांचा ट्रान्सपोर्टवाला आपलं पार्सल स्वतःच्या कारनं नेतो, हे गल्लीत कळलं असतं तर मला शटर खाली ओढून बसावं लागलं असतं.

मॅडमनी खोक्यावर चिकटवायला एक लेबल दिलं होतं, हातानं लिहिलेलं. ते मी लावलं होतं. बाबल यायच्या आदल्या संध्याकाळी मी ते खोकं बघत बसलो आणि मला आयडिया सुचली. आपल्याकडे अशी कुठली वस्तू आहे, जिच्यावर हमाल दुसरं काही रचत नाही, पाय लावत नाही, जी आपटत नाही, उलटी करत नाही, आणि जी उघडून बघायची त्याला भीती वाटते?

मी मोठा कागद घेतला, जाड मार्करनं लिहिलं, ‘देवाची मूर्ती. सांभाळून’, आणि मॅडमच्या लेबलावर चिकटवून टाकला.

बायको मागे उभी होती. “ह्ये काय लिवलंव?”

“सेफ्टीसाठी.”

“सरडा हाय त सरडा लिवा नं. त्यान लाजाचं काय हाय?”

“तुला ट्रान्सपोर्टमधलं कळत नाही.”

“नाय कलत,” ती म्हणाली. “पन देव मधी आनू नका. जड जाईल.”

मी हसलो. आता आठवलं की माझेच कान मला गरम लागतात.

पहाटे चारला निघालो. आणि काय सांगू, माझी आयडिया अशी काही चालली, की मी स्वतःवरच खूश. हमालांनी चपला काढल्या. एकानं विचारलं, “शेठ, देवाला भोकं कशाला?” मी म्हटलं, “कोंडून ठेवतात का देवाला?” त्याला पटलं. बाबलनं तर खोकं मागे ठेवूच दिलं नाही. केबिनमध्ये मधली सीट पुसून, तिच्यावर नवा टॉवेल घालून, वर स्थापना केली. नमस्कार केला आणि खिशातून उदबत्ती काढली.

“उदबत्ती नको!” मी किंचाळलो.

“कित्याक शेट?”

“मूर्तीला... रंग ओला आहे.”

पहिली थाप पचली. पेणच्या पुढे चहाला थांबलो, तेव्हा मी पिशव्यांतलं पाणी बदलायला उकळतं पाणी मागितलं. बाबल बघतच राहिला. “देवाक गरम पान्याची पिशवी?”

“मातीची मूर्ती आहे. थंडीनं तडकते.”

“बरोबर,” बाबल म्हणाला, आणि त्यानं स्वतःचा मफलर काढून खोक्याला गुंडाळला. मला क्षणभर वाईट वाटलं. पण यंत्र बघितलं तर एकोणतीस डिग्री. म्हटलं, वाईट मागाहून वाटून घेऊ.

खरी पंचाईत पुढेच. देव शेजारी बसल्यावर बाबल त्याच्याशी बोलायला लागला. महाडपर्यंत त्यानं देवाला गुडघेदुखी सांगितली. चिपळूणपर्यंत मुलीच्या लग्नाची काळजी सांगितली, आणि सांगताना डोळे पुसले. मग म्हणाला, “देवा, शेट हय बसलेलो आसा, पण तुज्यासमोर खोटा नको. गेल्या म्हयन्यात टेम्पो बंद पडलो म्हणान मी फोन केललंय. बंद नाय पडललो. जत्रेत दशावतार होतो. तो बघीत बसललंय.”

मी खिडकीबाहेर बघितलं. त्याला माफ करायचा अधिकार मला होता की खोक्याला, तेच कळेना.

कणकवलीच्या अलीकडे जेवायला उतरलो, तेव्हा बाबल कुणाशी तरी फोनवर भरभरून बोलत होता. मी विचारलं, कोण? “गोठणवाडीचे तात्या गावकार. आमचे पावणेच. सांगलंय त्यांका, देव घेवन येतंव म्हणान. नवीन देव शिव वलांडता तर गावाक कळूक नको?”

म्हणजे आता अख्खं गाव देवाची वाट बघणार. पण अजूनही, मंडळी, अजूनही वेळ होती. मी सांगून टाकू शकत होतो. पण बाबल तिथेच टेम्पो सोडून चालत गावी गेला असता. आणि डॉक्टरांनी बजावलं होतं, ऊन उतरायच्या आत पोचा, नंतर गारठा झपकन उतरतो. मी मनाशी पक्कं केलं, की जे व्हायचं ते होऊ दे, रावसाहेब पोचले पाहिजेत.

चार वाजता कच्चा रस्ता चढून गोठणवाडीच्या वेशीवर आलो, आणि समोर बघतो तर तीस-चाळीस माणसं. ढोल, ताशे, आरतीचं ताट, नवीन साड्या नेसलेल्या बायका. रस्त्याच्या कडेला एकटाच एक माणूस डोक्यावर टोपली घेऊन उभा. टोपलीवर घोंगडी झाकलेली. तो आमच्याकडे बघतही नव्हता, मागच्या वळणावर डोळे लावून होता.

ढोल वाजायला लागला. खोकं आतून धडधडलं. म्हणजे शेपटी आपटली.

“आवाज नको! देवाला... शांतता प्रिय आहे,” मी हात जोडून म्हणालो. ढोल थांबला. लोकांना वाटलं, देवाबरोबर आलेला माणूस म्हणजे पुजारीच असणार. दोन बायकांनी माझ्या पाया पडून घेतलं.

तात्या गावकर पुढे आले. ऐंशीच्या पुढचे, काटक, पांढरंशुभ्र धोतर. गावचे मानकरी. तिकडे देवाशी बोलायचं ते हेच बोलतात, आणि बाकीचे त्यांना साथ देतात. त्याला गाऱ्हाणं म्हणतात. खोकं पाटावर ठेवलं गेलं आणि तात्यांनी सुरुवात केली.

“बा देवा म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!” सगळे.

“आज जो काय तू खोक्यात बसान, लांबचो पल्लो मारून, आमच्या शिवेर येवन उभो रवलं हस...”

“व्हय म्हाराजा!”

“ज्या कोणी तुका आणल्यान, त्याच्या हातसून वाटेत काय वाकडा झाला आसात, ता पदरात घे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!” हे मी सगळ्यांपेक्षा मोठ्यानं म्हणालो.

गाऱ्हाणं पाऊण तास चाललं. गावातल्या एकेका घराचं सुखदुःख त्यात आलं. मी यंत्राकडे बघत होतो. सत्तावीस. सव्वीस.

“तात्या, निघायला हवं,” मी शेवटी म्हणालो. “डॉक्टरांच्या घरी पोचवायचाय देव.”

आणि तिथे माझं चुकलं. म्हणजे आणखी चुकलं.

“डॉक्टरांच्या?” तात्यांच्या कपाळाला आठी पडली. “तो माणूस चांगलो आसा, पण त्याच्या घरात दिवो सुद्धा लागणा नाय. म्हणता, माजो देव जनावरात. त्याच्याकडे मूर्ती कित्याक?”

मी ततपप करायला लागलो. तात्यांनी मान हलवली. “आपण कित्याक भांडा? देवाकच इचारूया.” त्यांनी ताटातलं तांबडं जास्वंदीचं फूल उचललं आणि खोक्याच्या वरच्या भोकात अलगद अडकवलं. तिकडे कौल असाच घेतात, फूल कुठे पडतं ते बघायचं. “देवा, तुका डॉक्टराकडे जावचा आसात तर फूल भायर पाड. हयच, आमच्या देवळात रवचा आसात तर...”

तात्यांचं वाक्य पुरं झालं नाही. कारण फूल हललं. थरथरलं. आणि सगळ्या गावासमोर, हळूहळू, आत गेलं.

आता इग्वानाला जास्वंद किती आवडते, हे माझ्या वहीत लिहिलेलं होतं. पान चौथं. आणि रावसाहेब कालपासून उपाशी होते.

जे काही झालं ते मी सांगू शकत नाही. लोकांनी जमिनीवर लोटांगण घातलं. एक आजी रडायला लागल्या. बाबल माझा दंड धरून म्हणाला, “शेट, देवान फूल खाल्ल्यान. ह्याच्यासमोर मी दशावतारचा कबूल केलंय ता बरा झाला.” खोकं खांद्यावर चढलं आणि वरात निघाली देवळाकडे. मी मागे धावतोय, ‘हळू, तिरकं करू नका’ ओरडतोय, आणि लोक एकमेकांना सांगतायत, बघा पुजाऱ्याची भक्ती.

धावता धावता मी त्या टोपलीवाल्यालाही म्हणालो, “अहो, तुम्ही तरी थांबवा यांना.” तो जागचा हलला नाही. “माका वेळ नाय. माजो पावणो येवचो आसा,” म्हणाला, आणि पुन्हा वळणाकडे बघायला लागला.

देऊळ दगडी. आत पाय ठेवला तर फरशी बर्फासारखी. यंत्रावर चोवीस. खोकं गाभाऱ्यासमोर ठेवलं आणि तात्या म्हणाले, “उघडा. आधी आंघोळ घालूया देवाक.” आणि दोघं जण विहिरीचं पाणी भरलेली तांब्याची घागर घेऊन आले.

चार फुटांचा उपाशी प्राणी, चोवीस डिग्री, त्याच्यावर विहिरीचं गार पाणी. मला एकदम मॅडम आठवल्या, चौकट चाचपत आत येणाऱ्या. मी खोक्यावर आडवा पडलो.

“थांबा. आत देव नाही. सरडा आहे.”

घागर धरलेले दोघं थबकले. मग तात्या हसले. प्रेमानं. “बघा. देव सोडून जावक मन व्हना नाय तेचा. म्हणान खोटा बोलता.”

“नाही हो, खरंच सरडा आहे!”

“व्हय म्हाराजा,” मागून दोघंतिघं म्हणाले.

बघा माझी दशा. दिवसभर थापा मारल्या त्या सगळ्या खपल्या, आणि पहिल्यांदा खरं बोललो तर कुणी विश्वास ठेवेना. घागर पुढे आली. मग मी नखं घातली आणि माझा तो देवाचा कागद टराटरा फाडून काढला. खाली मॅडमचं लेबल होतं. वेडीवाकडी, ओळ सोडून चढलेली अक्षरं. तात्यांनी चष्मा लावला आणि मोठ्यानं वाचलं.

“‘आत जिवंत इग्वाना आहे. नाव रावसाहेब. उलटं करू नका. थंडी लागू देऊ नका. हळू बोललं की मी शांत राहतो. मला घाबरू नका, मीच घाबरलेलो आहे.’”

घागर खाली टेकली. सगळे खोक्याकडे बघत राहिले. बाबल तेवढा पटकन हलला. बघितलं तर तो देवळाबाहेरच्या दीपमाळेवर चढलेला, पार टोकाला. तिथून त्याचा रडवेला आवाज आला, “शेट, दिवसभर माज्या घरच्यो गजाली मी एका पालीक सांगलंय?”

गर्दीतून वाट काढत तो टोपलीवाला आत आला. ‘सरडा’ ऐकून त्याला कुणीतरी बोलावून आणलं होतं. त्यानं लेबल वाचलं आणि माझ्याकडे बघितलं.

“रावसाहेब? अरे, ह्योच माजो पावणो!” त्यानं घोंगडी बाजूला केली. टोपलीत गोधडी आणि तिच्यात दोन गरम पाण्याच्या पिशव्या, वाफाळत्या. “डॉक्टरांनी माका ह्याका न्हेवक धाडल्यानी. दुपारपासून शिवेर उभो आसंय. तीनदा पाणी तापवून आणलंय. माज्यासमोरसून गेलो, पण तुमी देव म्हणालास!”

तात्यांनी चष्मा काढून पुसला. “झिला, डॉक्टरांचे साप, कासवा, सरडे हय कायम येतत. त्यांका आमी शिवेर अडवणव नाय. ह्यो दाजी उचलता आणि पंधरा मिन्टात वर पोचवता. देव म्हणालंस, म्हणान आमी दीड तास मान दिलो.”

मी देवळातल्या देवासमोर कान पकडले. तात्यांनी सांगायच्या आधीच. आणि मनापासून पकडले.

दाजीनं रावसाहेबांना टोपलीत घेतलं. अंगाचा हिरवा रंग जाऊन ते काळपट पडले होते, डोळे मिटलेले, ओठाला जास्वंदीची पाकळी चिकटलेली. मी टोपलीच्या मागे डोंगर चढलो तो धापा टाकत. डॉक्टर दारातच उभे होते. त्यांनी रावसाहेबांना उचलून आत नेलं. दिव्याखाली ठेवलं, छातीला बोट लावलं, आणि आम्ही बसून राहिलो. दहा मिनिटं. वीस मिनिटं. मी तुम्हाला सांगतो, माझी मुलगी झाली तेव्हा हॉस्पिटलच्या बाहेर मी एवढा घाबरलो नव्हतो.

मग रावसाहेबांनी एक डोळा उघडला. माझ्याकडे बघितलं. आणि मान फिरवून पाठ केली. डॉक्टर म्हणाले, “ठीक आहे. राग येतोय म्हणजे बरा आहे.” माझा जीव भांड्यात पडला.

मी अंगणात जाऊन मॅडमना फोन लावला. खरं सांगायचं कबूल केलं होतं, ते सांगितलं. सगळं. देवाचा कागद, उदबत्ती, गाऱ्हाणं, फूल, घागर. त्या फूल ऐकून हसल्या. घागर ऐकून ‘अगं बाई’ म्हणाल्या. मग म्हणाल्या, “म्हणजे माझं लेबल तुम्ही झाकलंत?”

“हो मॅडम.”

“भिंग घेऊन लिहिलं होतं. दोन दिवस लागले मला.” मग त्याच म्हणाल्या, “असू दे. शेवटी कुणी वाचलं ना?”

“वाचलं. अख्ख्या गावासमोर, मोठ्यानं.”

“मग झालं,” त्या म्हणाल्या, आणि फोन ठेवला.

मी आत आलो तेव्हा डॉक्टर वही उघडून बसले होते. येणाऱ्या प्रत्येक प्राण्याची ते नोंद ठेवतात, म्हणजे पुढचा प्राणी जास्त नीट आणता येतो. दिनांक, वेळ, वजन, अंगाचं तापमान, सगळं लिहून झालं होतं. एकच रकाना उरला होता.

“प्रवासात सगळ्यात जास्त त्रास कशाचा झाला?” त्यांनी विचारलं. “थंडी, धक्के, आवाज?”

मी थोडा विचार केला. “लिहा, सोबत आलेल्या माणसाचा.”

डॉक्टरांनी चेहऱ्यावरची रेषही न हलवता ते लिहिलं. मग मान वर न करता म्हणाले, “वजन?”

“ब्याऐंशी किलो,” मी म्हणालो.

तेही त्यांनी लिहून घेतलं.